आवाज आपला, वाक्य दुसऱ्याचे

न्यायाधीश, वैद्य, शिक्षक, सैनिक यांच्या कर्तव्याविषयी नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. आकाशवाणीवरून प्रादेशिक बातम्या देणाऱ्या वृत्तनिवेदकाकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. कारण उघड आहे. त्याच्या हाती निर्णय नसतो. बातमी कोणा वार्ताहराने पाठवलेली असते, संपादकाने ती निवडून शब्दबद्ध केलेली असते. निवेदक ती दहा मिनिटांत वाचतो, कागद गोळा करतो आणि दुसऱ्यासाठी खुर्ची मोकळी करतो. अशा कामात नैतिक प्रश्न तो कोणता असणार, असे कोणालाही वाटेल. मला मात्र असे वाटत आले आहे की, दुसऱ्याने लिहिलेले वाक्य आपल्या आवाजात लाखो घरांत पोहोचवणे ही मोठी विलक्षण जबाबदारी आहे. तिचा विचार करण्यासाठी पुण्याच्या उत्तरेकडचे जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके फार उपयोगी पडतात.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली, २ ऑक्टोबरला सुरू झाले. सकाळी आपले नाव सांगून ‘प्रादेशिक बातम्या देत आहे’ असे म्हणण्याची तेथील रीत जुन्या श्रोत्यांच्या कानात अजून असेल. सुधा नरवणे यांचा आवाज तर कित्येक घरांत नात्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईच्या आवाजाइतका ओळखीचा होता. त्या ‘देत आहे’कडे थोडे थांबून पाहावे. बातमी वाचत आहे, ऐकवत आहे, असे म्हणता आले असते. पण आकाशवाणीने ‘देणे’ हे क्रियापद पत्करले. देणाऱ्याला वस्तूची जोखीम असते. आपल्या ख्रिस्ती मराठीत तर ‘शुभवर्तमान’ या शब्दाच्या पोटातच बातमी आहे. वर्तमान म्हणजे वार्ता, हा अर्थ आपल्या आजोबा-आजींना सांगावा लागत नसे.

या कामाची घडण अशी असते. जिल्ह्याच्या गावी आकाशवाणीचा एक अर्धवेळ वार्ताहर असतो. त्याचा पोटापाण्याचा उद्योग पुष्कळदा दुसराच असतो. तालुक्यांतून आलेली माहिती तो वृत्तविभागाकडे पाठवतो. तेथे संपादक ती पारखतो, कापतो, बातमीपत्रात बसवतो. निवेदकांपैकी पुष्कळजण नैमित्तिक, म्हणजे पाळीपुरते बोलावलेले असतात. श्रोत्याला यांतले काहीच दिसत नाही. त्याच्या लेखी सगळे आकाशवाणी खाते म्हणजे तो एक आवाज. बातमी चुकली तर तो आवाज चुकला, आणि बातमीत खोटे असेल तर तो आवाज खोटे बोलला.

पोस्टमनाला पाकिटातल्या मजकुराचा जाब कोणी विचारत नाही, आणि निवेदकाचेही तसेच आहे, असा एक बचाव करता येईल. मला तो पटत नाही. पोस्टमन पाकीट बंद ठेवूनच देतो. निवेदक ते उघडतो, आणि आतला मजकूर आपल्या श्वासाने, आपल्या स्वराने, गेली दहा-पंधरा वर्षे कमावलेल्या विश्वासाच्या भांडवलावर सांगतो. तो विश्वास मोठ्या घटनांनी जमलेला नसतो. डिंभे धरणात पाणी किती, कुकडीचे आवर्तन कधी सुटणार, घाटात दरड कोसळून रस्ता बंद आहे का, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला काय भाव मिळाला, अशा रोजच्या साध्या बातम्या खऱ्या निघत जातात, आणि एक दिवस शेतकरी त्या आवाजाला मनातल्या मनात घरातला मानू लागतो. साध्या दिवसांत जे खरेपण साठवले जाते, ते वाईट दिवशी खर्ची पडते.

असा वाईट दिवस आंबेगाव तालुक्यावर २०१४ च्या ३० जुलैला आला. या तालुक्यांची पूर्वेची बाजू बागायती आहे. ऊस, कांदा, द्राक्षे, मंचर आणि नारायणगावचे बाजार यांमुळे तिचे नाव बातम्यांत येत राहते. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळी समाजाची गावे आहेत. भातशेती, हिरडा, उतारावरची नाचणी, हे त्यांचे जगणे. ती गावे बातमीत क्वचितच येत. माळीण त्यांतलेच. त्या दिवशी सकाळी, मुसळधार पावसात, गावामागचा डोंगर खचून खाली आला आणि चाळीसहून अधिक घरे चिखलाखाली गेली. ही गोष्ट बाहेरच्या जगाला प्रथम सांगितली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाने. त्याला समोर गाव दिसेना. त्याने जे दिसले, किंवा जे दिसले नाही, ते कळवले. त्यात स्वतःचे काही मिसळले नाही. मला वाटते, त्या दिवशीचा पहिला आणि सर्वांत सच्चा वार्ताहर तोच होता.

पुढे कित्येक दिवस चिखल उपसण्याचे काम चालले. एक तान्हे बाळ आणि त्याची आई जिवंत सापडली, एवढाच काय तो दिलासा. अखेर मृतांची संख्या १५१ झाली. कामासाठी वा शिक्षणासाठी गावाबाहेर असलेले वाचले, आणि त्या वाचलेल्यांच्या कानांवर रोज बातम्या पडत राहिल्या. आपल्या बातम्यांच्या मराठीत एक वाक्प्रयोग रूढ आहे: मृतांचा आकडा इतक्यावर ‘पोहोचला’. आकडा कोठे पोहोचतो? जणू त्याला कोठे जायचेच होते! लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, सवयीने लेखणीतून उतरते. पण ज्याची बहीण अजून मिळालेली नाही त्याने हे वाक्य ऐकताना काय करावे? निवेदकाला वाक्य बदलण्याचा अधिकार नसेल, तरी ध्वनिमुद्रण कक्षात जाण्याआधी संपादकाला ‘हा शब्द बदलता येईल का?’ एवढे विचारण्याचा अधिकार असतोच. माझ्या मते तो नुसता अधिकारही नाही, कामाचाच भाग आहे.

आणि गावाचे नाव. इंग्रजी वृत्तपत्रांत ते ज्या अक्षरांनी छापले गेले त्यांत ‘ळ’ही नव्हता आणि ‘ण’ही नव्हता. त्यावरून वाचणाऱ्यांनी दूरदूरच्या वाहिन्यांवर त्याचे ‘मालिन’ केले, कोणी ‘मलिन’ म्हटले. मलिन म्हणजे मळलेले, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. चिखलाखाली गेलेल्या गावाला असे संबोधले जात होते, आणि संबोधणाऱ्याला त्याची जाणीवही नव्हती. ज्या माणसांचे घरदार, दप्तर, शिधापत्रिका, सगळे मातीत गेले, त्यांचे उरलेले एकमेव धन म्हणजे गावाचे नाव. ते धड उच्चारणे हा उच्चारशास्त्राचा विषय आहे असे ज्याला वाटते, त्याने प्रादेशिक बातम्यांच्या खुर्चीवर बसू नये असे मला वाटते. स्थानिक केंद्रावरचा निवेदक, ज्याच्या जिभेला माळीण, आहुपे, ओतूर, आपटाळे ही नावे सवयीची आहेत, त्याचे मोल अशा दिवशी कळते.

नावे वाचण्याचे महत्त्व नभोवाणीच्या इतिहासात एकदा फार मोठ्या प्रमाणावर दिसले. १९३१ च्या १२ फेब्रुवारीला मार्कोनीने उभारलेले व्हॅटिकन नभोवाणी केंद्र सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४६ या वर्षांत, या केंद्राने बारा लाखांहून अधिक निरोप प्रसारित केले. युद्धकैदी, निर्वासित, हरवलेली माणसे यांची नावे, आणि त्यांच्या घरच्यांचा दोन ओळींचा मजकूर. तासन् तास कोणीतरी त्या याद्या वाचत होते. त्यात रंजन शून्य. ज्याचे त्या यादीत कोणी नाही त्याला ते ऐकणे म्हणजे शिक्षा. पण वाचणारा ज्या एका आईसाठी वाचत होता, ती हजार नावे सोसून एका नावासाठी कान देऊन बसलेली असे. बातमीपत्र शेवटी असेच असते. पुष्कळांसाठी ती माहिती असते आणि एका घरासाठी ती आयुष्य उलटेपालटे करणारी गोष्ट असते. निवेदकाने या दोघांपैकी कोणासमोर बसलो आहोत असे समजून वाचावे, हा खरा प्रश्न आहे.

येथे आवाजाचा मुद्दा येतो. आकाशवाणीच्या निवेदकाचा स्वर समतोल असतो, काहींना तो कोरडा वाटतो. गाव गाडले गेल्याची बातमी आणि कांद्याच्या भावाची बातमी एकाच स्वरात? माणसाला काही हृदय आहे की नाही? दूरचित्रवाणीवर निवेदक हुंदका दाबतात, आवाज चढवतात, मागे संगीत लावले जाते, आणि पाहणाऱ्यालाही आपण काहीतरी सहृदय पाहिले असे वाटते. मी या बाबतीत जुन्या मताचा आहे. आपल्या धर्मग्रामात रविवारी मिस्साच्या वेळी पहिले वाचन करणाऱ्याकडे पाहावे. तो यिर्मयाचा विलाप वाचतो, पण स्वतः रडत नाही. रडला तर लोक यिर्मयाला विसरून त्याच्याकडे पाहतील. वाचन संपवून तो आपल्या जागी जाऊन बसतो. स्पष्ट उच्चार, योग्य ठिकाणी विराम, आणि स्वतःला मागे ठेवणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. बातमी ऐकून रडण्याचा अधिकार ज्याचे माणूस गेले त्याचा आहे. निवेदकाने आधीच रडून घेतले तर त्या माणसाच्या दुःखाला जागा उरत नाही. समतोल स्वर ती जागा मोकळी ठेवतो.

अर्थात हाच समतोल स्वर असत्यालाही तितकाच शोभून दिसतो, हे सोयीस्करपणे विसरून चालणार नाही. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात आकाशवाणीवर याच संथ, सुसंस्कृत आवाजांत सरकारला हवे तेवढेच सांगितले गेले. लोक चेष्टेने ‘ऑल इंदिरा रेडिओ’ म्हणू लागले होते. गर्जून खोटे बोलणाऱ्यावर माणूस लवकर संशय घेतो. घरातल्या वाटणाऱ्या आवाजात अर्धे सत्य आले तर घेत नाही. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा आपण लहानपणी आठवी म्हणून पाठ केली. तिथे साक्षीदार स्वतः बोलतो. निवेदकाने ती घटना पाहिलेली नसते, तो दुसऱ्याची साक्ष वाहून आणतो. मग दोष किती त्याचा? मला वाटते, ठाऊक नसताना वाचले तर त्याचा नाही. ठाऊक असून वाचले तर आहे, आणि ‘मी फक्त वाचले’ हे म्हणणे तेव्हा पिलाताच्या पाण्याच्या भांड्याजवळ जाते. पण नैमित्तिक पाळीवर घर चालवणाऱ्या माणसाला राजीनामा द्या असे सांगणे मला जड जाते. आणीबाणीत अशा किती निवेदकांनी काय सोसले याचा हिशेब कोणी मांडलेला नाही, आणि दूर बसून न्याय करायला आपण मोकळे असतो. त्या काळाची जाणीव ठेवून १९७८ साली वर्गीज समितीने आकाशवाणीला स्वायत्तता द्यावी अशी शिफारस केली. प्रसार भारती प्रत्यक्षात यायला १९९७ उजाडले.

बातमी केव्हा द्यावी, हा प्रश्न तर आणखी गुंतागुंतीचा. १९७९ साली, २२ मार्चला, मुंबईत जसलोक रुग्णालयात असलेल्या जयप्रकाश नारायण यांचे निधन झाल्याचे आकाशवाणीने सांगितले. संसदेत श्रद्धांजली वाहिली गेली. जयप्रकाशजी तेव्हा जिवंत होते. त्यांचे निधन त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला झाले. याच्या उलट, १९८४ साली ३१ ऑक्टोबरला सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या, दुपारी त्यांचे निधन झाले, आणि आकाशवाणीने ते देशाला सांगायला संध्याकाळ केली. तोवर अर्ध्या जगाला ते ठाऊक होते. पश्चिम बंगालच्या दौऱ्यावर असलेले राजीव गांधी परतीच्या वाटेवर बीबीसी लावून ऐकत होते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पहिल्या वेळी घाई झाली, दुसऱ्या वेळी उशीर. दोन्ही चुका सारख्याच असे काही लोक म्हणतात. मला तसे वाटत नाही. उशीर करणाऱ्यावरचा विश्वास ओसरतो, तो हळूहळू परत मिळवता येतो. जिवंत माणसाला मृत म्हणणे हे त्याच्या घरच्यांच्या काळजावर केलेले असते, आणि ‘दिलगीर आहोत’ने ते पुसले जात नाही. तरीही थांबण्यामागचे कारण काय, हे पाहावेच लागते. खातरजमेसाठी थांबणे वेगळे. वरून हुकूम आला नाही म्हणून थांबणे वेगळे. बाहेरून दोन्ही एकसारखीच शांतता असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कसाधनांविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात बातमी खरी असावी आणि न्याय व प्रीती राखून पूर्णही असावी, असे म्हटले आहे. त्यातला ‘पूर्ण’ हा शब्द मला फार कठीण वाटतो.

जुन्नरच्या बिबट्यांकडे वळतो, कारण शब्द निवडण्याचे ओझे तिथे अधिक दिसते. या भागात उसाच्या फडांत बिबटे राहतात, तिथेच वितात. गावकरी त्याला पुष्कळदा वाघच म्हणतात. २००१ ते २००३ या काळात माणसांवर हल्ले एकाएकी वाढले. त्याच सुमारास पिंजरे लावून बिबटे पकडायचे आणि जवळपासच्या जंगलात नेऊन सोडायचे, असा उपाय चालू होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, पूर्वी वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते बिबटे हलवण्याची मोहीम सुरू झाल्यावर सतरापर्यंत गेले. परक्या मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो, माघारी फिरतो, वाटेत माणसाच्या आड येतो. आता बातमीत ‘नरभक्षक बिबट्याचा धुमाकूळ’ असे लिहिले की पिंजऱ्याची मागणी आपोआप होते, आणि तो पिंजरा पुढच्या हल्ल्याची तयारी ठरू शकतो. मात्र, ज्याचे लेकरू अंगणातून उचलले गेले, त्याच्यापुढे प्राण्याची बाजू मांडणारे शहाणपण ऐकवणे हीदेखील एक क्रूरताच आहे. निवेदकाने काय करावे? घटना कोठे, केव्हा, कशी झाली, जखमी कोठे दाखल आहे, रात्री शेतात पाणी द्यायला जाणाऱ्याने कोणती काळजी घ्यावी, हे सांगावे. विशेषण गाळावे. विशेषण गाळल्याने बातमी फिकी होते अशी तक्रार मी ऐकली आहे. ऊसतोडणीच्या टोळीतल्या बाईला, लेकराला फडाच्या कडेला झोळीत ठेवताना, फिकी बातमीच अधिक उपयोगी पडेल.

बोलणाऱ्याविषयी इतके लिहिले. ऐकणाऱ्याविषयीही थोडे लिहायला हवे. निवेदकाला श्रोता कधीच दिसत नाही. ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयोग पुणे केंद्रानेच १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने केला होता. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा लोक एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, मग त्यावर बोलत, आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तरे मिळत. नभोवाणीने उलट ऐकावे, ही कल्पना त्या काळात फार धीटपणाची होती. पुढे ती देशभर नेली गेली आणि कालांतराने विरली.

आणि ऐकण्याचीच गोष्ट निघाली आहे, तर जुन्नर तालुक्याइतका ऐकणारा मुलूख दुसरा नाही. आर्वी येथे १९७१ साली देशाचे परदेशांशी उपग्रहाद्वारे दळणवळण करणारे पहिले भूकेंद्र उभे राहिले. पलीकडे खोडदला गोविंद स्वरूप यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, तीस तबकड्या आहेत. त्या आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी टिपतात. इथे रेडिओचा गोंगाट कमी होता, हे जागा निवडण्याचे एक कारण. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली लहर जिथे टिपली जाते, तिथून फार दूर नसलेल्या डोंगरातले माळीण मात्र गाडले जाईपर्यंत कोणी ऐकले नव्हते. यात शास्त्रज्ञांचा दोष नाही, त्यांचे काम त्यांनी उत्तम केले. डोंगरातल्या गावांकडे कान लावण्याचे काम दुसऱ्यांचे होते, आणि त्यांत प्रादेशिक बातम्या येतात.

२०२३ च्या जून महिन्यात पुणे आकाशवाणीचा वृत्तविभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगर केंद्राकडे देण्याचा निर्णय झाला होता. विरोध झाल्यावर त्याला स्थगिती मिळाली. खर्चाचा हिशेब मांडणाऱ्यांना वाटले असेल की बातमीपत्र कोठूनही वाचता येते, कागद तर तोच. संभाजीनगरचे निवेदकही चांगलेच मराठी बोलतात, त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण आहुप्याकडच्या वार्ताहराला रात्री अकराला ज्याच्या घरी फोन करता येतो असा माणूस कोणत्या शहरात बसला आहे, याला महत्त्व असते.

त्यानंतर महिनाभराने, १९ जुलैच्या रात्री, रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तीही डोंगरातली आदिवासी वस्ती, आणि तिच्याही नावात ‘ळ’ होता. चार दिवस शोध चालला. वर जायला यंत्राला रस्ता नव्हता, कुदळ-फावड्यांनी माती उपसावी लागत होती. २३ जुलैला शोध थांबवला तेव्हा सत्तावीस मृतदेह मिळाले होते आणि सत्तावन्न माणसे मिळाली नव्हती. त्या सत्तावन्न जणांना काय म्हणायचे? मृत म्हणावे तर मृतदेह नाही. बेपत्ता म्हणावे तर ती कोठे आहेत हे पायथ्याशी बसलेल्या प्रत्येक नातलगाला ठाऊक होते. शोध थांबल्याची बातमी ज्या कोणा निवेदकाने त्या दिवशी वाचली असेल, त्याच्या कागदावर यांपैकी एक शब्द लिहिलेला असणार, आणि तो त्याला त्या नातलगांच्या कानांवर घालायचा होता.